विहिणीच्या तोंडाचं दुपटं

फेलिशियाबाई लेकीचं बाळंतपण करायला अल ऐनला पोचल्या, तेव्हा बाळ बूट घालून दारात उभं होतं.

बुटांच्या टाचांत दिवे होते. पाय आपटला की लाल पेटायचे. बाळाने पाय आपटला, आजीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणालं, "नो."

"बघ, ओळखलं मला," फेलिशियाबाई म्हणाल्या.

मागून जावई ओबिन्ना बॅगा ओढत येत होता. दुबई विमानतळापासून घरापर्यंत गाडीत सुक्या माशांचा वास असा दाटला होता की त्याने एसी बंद करून खिडक्या उघडल्या होत्या, आणि बाहेरचं ऊन आत येऊन त्या वासाला आणखी जोम चढला होता.

"मम्मा, एवढं काय आणलंस?" इफेओमाने विचारलं. ही त्यांची लेक. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती लोकांचं रक्त तपासायची.

"ओमुग्वो."

"कुणाचं?"

"तुझं. आडवी हो. पाणी तापवते."

"मम्मा, सोमटो अडीच वर्षांची झाली. मला उद्या मॉर्निंग शिफ्ट आहे."

"तेच म्हणते मी. आधीच उशीर झालाय."

ओमुग्वो म्हणजे नायजेरियातल्या इग्बो लोकांचं बाळंतपण. मुलीला मूल झालं की तिच्या आईने जायचं, गरम पाण्याच्या टॉवेलने तिचं पोट शेकायचं, मिरीचं जळजळीत सूप पाजायचं, बाळाला न्हाऊमाखू घालायचं, आणि निघताना जावयाने दिलेल्या कापडचोपडाच्या बॅगा घेऊन ताठ मानेने आपल्या गावात शिरायचं. पहिल्या खेपेचा हक्क मुलीच्या आईचा. याबाबतीत फेलिशियाबाईंचं ओनिचा आणि आपली सांगली यांच्यात काडीचाही फरक नाही.

पण सोमटो झाली तेव्हा व्हिसा आधी आला तो ओबिन्नाच्या आईचा. ओबिन्ना इंजिनियर. जे आधी येईल ते आधी बसवायचं, एवढीच त्याला अक्कल. त्याने आईचं तिकीट काढलं. युनिसबाई, ओवेरीच्या निवृत्त हेडमिस्ट्रेस, बाळंतपण करून गेल्या, सोबत चार मोठ्या बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन गेल्या, आणि वर फोनवर म्हणाल्या, "कुणी केलं याला काय महत्त्व आहे, ओगो? बाळ सुखरूप आहे ना?"

ओगो म्हणजे विहीण. हा शब्द फेलिशियाबाईंच्या कानात गरम तेलासारखा उतरला होता.

ओनिचाच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. ओमुग्वोहून परतलेली आजी गल्लीतल्या बायकांना पावडरचे डबे वाटते, बायका ती गळ्याला फासतात आणि नाचतात. फेलिशियाबाईंनी अख्ख्या गल्लीपुरते डबे आधीच घेऊन ठेवले होते. ते तसेच सीलबंद माळ्यावर पडले. बायका रोज विचारायच्या, "काय फेलिशिया, कधी निघालीस?" नंतर विचारेनाशा झाल्या. ते जास्त झोंबलं.

म्हणून आता त्या आल्या होत्या, आणि येताना पावडरचे डबेही घेऊन आल्या होत्या. आधी रीत पुरी होऊ दे, मग ते पुन्हा ओनिचाला न्यायचे आणि वाटायचे, असा त्यांचा बेत होता.

दुसऱ्या दिवसापासून बाळंतपण सुरू झालं. इफेओमा लॅबमधून घामेजून यायची, ओळखपत्र गळ्यातून काढते न काढते तोच आई तिला पलंगावर आडवी करून वाफाळता टॉवेल पोटावर दाबायची. तिच्या किंकाळ्या ऐकून शेजारची संध्या धावत आली. संध्या मूळची पुण्याची. नवरा शैलेंद्र इथे एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये. दार उघडंच होतं.

"क्या हुआ? ॲम्ब्युलन्स बोलवू?"

"बाळंतपण चाललंय," फेलिशियाबाई म्हणाल्या. टॉवेल दाबणं थांबलं नाही.

संध्याने सोमटोकडे पाहिलं. सोमटो सोफ्यावरून उड्या मारत होती. फेलिशियाबाईंनी मग शेकता शेकताच सगळी हकिकत सांगितली. संध्याचे डोळे हळूहळू बारीक झाले.

"म्हणजे पहिलं बाळंतपण सासूने केलं? माहेर असताना?"

"हो."

"माझंही तसंच झालं, मम्मा. अंतराच्या वेळी. माझ्या आईचे डिंकाचे लाडू पुण्यातच राहिले, आणि सासूबाई आल्या त्या मेथीचे घेऊन." संध्या आत आली आणि दार लावून घेतलं. "डावीकडून जरा जोरात दाबा. ती सुटतेय."

त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

सोमटोचंही बाळंतपण करायचं होतंच. फेलिशियाबाई तिला भर दुपारी तेल लावून, हातपाय ओढून, न्हाऊ घालायच्या, आणि पाठीशी कापडाने करकचून बांधून घरभर फिरायच्या. बाळ थोराड होतं. दिव्याचे बूट दोन्ही बाजूंनी लोंबायचे आणि आजीच्या मांड्यांवर आपटून लाल पेटायचे. पण पाठीवर तिला झोप छान लागायची.

पाठीवर नसली की मात्र ती 'गागा' मागायची.

गागा हे एक कापड होतं. युनिसबाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने त्यांच्या नावाचं कापड छापून घेतलं होतं. तिकडे तशी पद्धत आहे. कुणी निवृत्त झालं, साठीचं झालं, निवडून आलं किंवा मेलं, की त्याच्या तोंडाचं कापड छापतात. घरात आलेलं असं कापड शिवून, अंगावर घालून समारंभाला हजर राहणं ही रीतच. विहिणीने पाठवलेलं असेल तर त्यातून सुटकाच नाही. फेलिशियाबाईंनाही पाठवलं होतं. त्या ते नेसून गेल्या होत्या, आणि लांबलचक भाषणं होईपर्यंत युनिसबाईंच्या तोंडावर बसून राहिल्या होत्या. त्या दिवसातली तेवढीच एक सुखाची आठवण.

त्याच कापडाचा एक तुकडा युनिसबाई अल ऐनला ठेवून गेल्या होत्या. हिरव्या कापडावर ओळीने चष्मेवाल्या युनिसबाई, डोक्यावर मोठा रुमाल बांधलेल्या, आणि खाली 'राष्ट्राची माता' अशी अक्षरं. सोमटो त्यातली एक युनिसबाई तोंडात धरून चोखत झोपायची.

"गागा म्हणजे ग्रँडमा," युनिसबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगायच्या. "तिला मीच लागते."

फेलिशियाबाई दात ओठ खात. पण त्या कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या बाई, घाईत कात्री चालवणाऱ्यांतल्या नव्हत्या. आधी त्यांनी दुकानातलं सगळ्यात भारी कापड सोमटोच्या हातात दिलं. सोमटोने ते हुंगलं, "नो" म्हटलं आणि बाहुलीला पांघरतात तसं कचऱ्याच्या डब्याला पांघरलं.

मग एका सोमवारी, इफेओमा कामावर असताना, त्यांनी गागा पलंगावर पसरली, हाताने सुरकुत्या काढल्या आणि कात्री घेतली. चेहऱ्यापासून चेहरा वेगळा केला. कडेचे दोन चेहरे उभे चिरले गेले, त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही.

त्या दिवसापासून स्वयंपाकघराची शोभा वाढली. एका युनिसबाईने शेगडी पुसायची, एकीने सिंक, एकीने गरम पातेलं धरायचं. लाल पाम तेल उतू गेलं की फेलिशियाबाई मुद्दाम कपाळाच्या बाजूनेच पुसायच्या. "राष्ट्राची माता," त्या पुटपुटायच्या आणि पिळून वाळत घालायच्या. इतकं नीट स्वयंपाकघर त्यांनी ओनिचालासुद्धा ठेवलं नव्हतं.

सोमटोला फारसं काही जाणवलं नाही. ती पाठीवर झोपत होती आणि आजीच्याच खोलीत होती. "गागा?" तिने विचारलं. आजी म्हणाली, "सुट्टीवर गेली."

इफेओमालाही काही कळलं नाही. ती घरी आली की शेकली जात असे. पोळल्यावर माणूस फडक्यांकडे बघत नाही.

प्रश्न खरा वेगळाच होता. सोमटोला घरी सांभाळणारी मुलगी लग्न ठरलं म्हणून आपल्या देशी निघून गेली होती. ओबिन्नाची नोकरी रुवैसला, रिफायनरीत. तो शनिवार-रविवारपुरता घरी यायचा. फेलिशियाबाईंचा व्हिसा संपला की परत जाणं भाग, आणि दुकान भाचीच्या हाती सोडलेलं. भाची ग्राहकाला कापड दाखवण्याआधी स्वतःच ते अंगाला लावून फोटो काढणारी. मग पोरीला बघणार कोण?

रविवारी जेवताना ओबिन्नाने निकाल दिला. "नर्सरीत टाकू. पहिला आठवडा ट्रायल असतो. रुळली तर उत्तम. नाही रुळली तर मम्मी येते म्हणालीय. माझी मम्मी. सोमटो शाळेत जाईपर्यंत इथेच राहील. तिला काय, पेन्शन आहे, मोकळी आहे."

फेलिशियाबाईंच्या हातातला घास तसाच राहिला.

"शाळेत जाईपर्यंत?"

"हो, मम्मा. तिलाही बरं वाटेल."

"नर्सरी बघायला मी येते," फेलिशियाबाई म्हणाल्या.

नर्सऱ्या बघायला त्या दोघी आणि पाठीवर सोमटो अशा निघाल्या. गाडी इफेओमाची. पहिल्या नर्सरीत भिंतीवर मोठा पडदा होता आणि मुलं त्याच्यासमोर ओळीने बसून अक्षरं म्हणत होती. बाईंनी सांगितलं, इथे दोन वर्षांचं मूल शंभरपर्यंत मोजतं. इफेओमाला आवडली. फेलिशियाबाईंनी डोळे मिटून युनिसबाईंची मुद्रा आठवली. युनिसबाई मान डोलावत होत्या.

"नको," त्या म्हणाल्या.

दुसरीत मुलं एकमेकांना सारखं सॉरी म्हणत होती. युनिसबाईंची मान इथेही डोललीच असती. नको.

तिसरीचं दार पिवळं होतं. आत एक पोरगं डावाने पातेलं बडवत होतं आणि त्याला कुणी थांबवत नव्हतं. दुसरं चिखलात कोपरापर्यंत शिरलं होतं. मॅनेजर मिस फातेन लेबनॉनच्या. हसऱ्या, आणि केसाला वाळू लागलेल्या.

"ए-बी-सी कधी शिकवता?" फेलिशियाबाईंनी विचारलं.

"शिकवत नाही. या वयात खेळतात. पाणी ओततात, झाकणं उघडतात, बूट स्वतः घालतात."

"गृहपाठ?"

"नाही."

"ओळीत उभं करता?"

"प्रयत्न केला होता एकदा."

फेलिशियाबाईंनी डोळे मिटले. युनिसबाईंचा चष्मा नाकावरून घसरला होता, तोंड उघडं पडलं होतं, आणि हातातली छडी थरथरत होती.

"घेतली," फेलिशियाबाई म्हणाल्या.

फी ऐकून संध्याने संध्याकाळी दिरहॅमचे रुपये करून पाहिले आणि "अगं बाई" म्हणाली. पण नर्सरी चांगली होती. सूड घ्यायला म्हणून निवडली, तरी चांगली निघाली, त्याला कुणाचा इलाज नाही.

ट्रायलच्या पहिल्या दिवशी मिस फातेननी आजीला दारातच थांबवलं. "मम्मा, हिला पाठीवरून उतरवा. तिला चालत आत येऊ दे."

गाठ सोडली. सोमटो खाली आली, बूट पेटले, आत गेली. पाण्याच्या टबापाशी रमली. फेलिशियाबाई बाहेर बाकावर बसल्या आणि विजयाचं एक छोटंसं गाणं गुणगुणू लागल्या.

दुपारची झोपायची वेळ झाली आणि आतून जे रडणं ऐकू आलं, ते ऐकून पलीकडच्या इमारतीचा वॉचमन हनीफ चौकशीला आला. इथे पाठ नव्हती. सोमटोला पाठ हवी होती, आणि पाठ नसेल तर गागा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिच्यामुळे अख्खी खोली रडू लागली.

"घरून एखादी वस्तू द्या," मिस फातेननी इफेओमाला सांगितलं. "जिच्याबरोबर ती झोपते ती. बहुतेक मुलं त्याने शांत होतात. नाही झाली, तर मात्र, सॉरी, बाकीच्या मुलांचाही विचार करावा लागेल. शुक्रवारपर्यंत बघू."

इफेओमाने घरी येऊन कपाट उघडलं. मग दुसरं. मग पलंगाखाली वाकली. ओबिन्नाला फोन करून विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं.

"मम्मा, गागा कुठाय?"

फेलिशियाबाई शेगडी पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. इफेओमाने त्या हाताकडे पाहिलं. हाताखालून तिची सासू तिच्याकडे बघत होती, कपाळ नारिंगी, चष्म्यावर एक तांदूळ.

ती खुर्चीत बसली. गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"माझं लेकरू तीन दिवस ऊर फुटेस्तोवर रडतंय," ती म्हणाली, "आणि तू तिच्या झोपेने ओटा पुसतेस."

"मी तिच्या झोपेने नाही पुसत. मी युनिसच्या तोंडाने पुसते."

"सोमटोला तो फरक कळतो का, मम्मा?"

फेलिशियाबाईंनी फडकं नळाखाली धरलं. रागाच्या भरात आपण पोरीचं काही काढून घेतलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं ते तेव्हा. त्याने विहिणीवरचा राग काही उतरला नाही, उलट वाढला. ही बाई दूर ओवेरीत बसून त्यांच्या हातून पाप करवत होती.

तेवढ्यात रुवैसहून फोन आला. ओबिन्ना. "मम्मीला सांगितलं, सोमटो रडते, गागा सापडत नाही. ती म्हणाली, माझ्याकडे त्याच छपाईचं अजून आहे, घेऊनच येते. व्हिसाचं सुरू करू ना?"

"शुक्रवारपर्यंत थांब," फेलिशियाबाई फोन हिसकावून म्हणाल्या. "कापड सापडलंय."

त्यांनी सगळी फडकी गोळा केली, गरम पाण्यात साबण घालून चोळली आणि बादली घेऊन संध्याकडे गेल्या. संध्याचं शिलाई मशीन बेडरूमच्या खिडकीशी असायचं. इमारतीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको आणि ब्लाउजच्या उसवण्या एवढं ती करायची.

"यल्ला, चला मम्मा, पसरा इथे," संध्या म्हणाली, आणि पसरल्यावर तिने तोंडाला पदर लावायला हात नेला, मग आठवलं की आपण कुर्ती घातलीय. "अरे देवा. ही तर हळद लागल्यासारखी दिसतेय."

"जात नाही. पाम तेल आहे."

"मशीनवर नाही बसणार हे. मधे मधे विरलंय. खाली अस्तर टाकून हाताने धावदोरा घालू, गोधडीला घालतात तसा."

अस्तराला फेलिशियाबाईंनी आपलं तेच भारी कापड दिलं, कचऱ्याच्या डब्यावरून आलेलं. मग दोघी जमिनीवर बसल्या आणि विहिणीला जोडायला घेतलं. फेलिशियाबाई सुई घालायच्या ती थेट डोळ्यात. मग नाकात. मग हनुवटीतून वर काढून पुन्हा गालात. टोचायला एवढी जागा असलेली विहीण कुणाला मिळते? संध्याही आपल्या बाजूने टाके घालत होती, आणि मधेच स्वतःशी "मेथीचे" असं म्हणून दोरा कचकन ओढत होती.

पण काही तुकडे जास्तच झिजले होते, एक तर गरम पातेल्याबरोबर संध्याच्या घरी गेला तो तिथेच जळला होता. जे होतं ते बसेल तिथे बसवलं. मधल्या रांगेतल्या युनिसबाईंना चष्मा हनुवटीवर आला. कोपऱ्यातल्या एकीला तोंडच नव्हतं. ती सगळ्यांत देखणी दिसत होती.

संध्याची अंतरा शाळेचं दप्तर घेऊन डोकावली. "आंटी, व्हाय डझ शी हॅव थ्री आइज?"

"हेडमिस्ट्रेस होती," फेलिशियाबाई म्हणाल्या. "लागायचे."

गुरुवारी दुपारी नर्सरीत सोमटोच्या हातात ते दुपटं दिलं. तिने ते हुंगलं. त्याला पाम तेलाचा, साबणाचा, आजीच्या स्वयंपाकघराचा वास होता. मग तिने बिनतोंडाची युनिसबाई शोधून काढली, तिचा कान तोंडात घातला आणि पाच-दहा हुंदके देऊन झोपी गेली. काचेतून फेलिशियाबाई बघत होत्या. पोर त्यांच्या पाठीशिवाय झोपली होती. त्यांनी पाठीचं कापड घट्ट करायला हात मागे नेला, आणि मग तसाच खाली घेतला.

शुक्रवारी सोमटो स्वतःच पिवळं दार ढकलून आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. बूट तेवढे पेटले.

मिस फातेन म्हणाल्या, "रुळली. खलास, झालं, आता काळजी नको."

व्हिसाचा अर्ज थांबला. फेलिशियाबाईंनी त्या रात्रीच्या जेवणात सूपमध्ये इतकी मिरी घातली की इफेओमा रडत रडत हसली.

रविवारी नेहमीप्रमाणे व्हिडिओ कॉल लागला. ओबिन्नाने फोन धरला होता. संध्या डब्यात पोहे घेऊन आलेली होती. सोमटो दुपटं ओढत कॅमेऱ्यासमोर आली.

युनिसबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. हेडमिस्ट्रेसने असा चष्मा सरकवला की मुलं कशी होत असतील, ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं.

"ओबिन्ना, जवळ ने. माझं नाक कुठाय?"

"हे काय, मम्मी. खालच्या रांगेत."

"आणि माझ्या कपाळावर हे पिवळंधमक काय?"

फेलिशियाबाईंच्या ओठांवर उत्तर तयार होतं. अडीच वर्षं तयार होतं म्हणा ना. 'तुझ्या तोंडाने मी शेगडी पुसली, ओगो.' त्यांनी श्वास घेतला. इफेओमाने आईची बाही धरली. आणि फेलिशियाबाईंनी तोंड उघडलं, त्याच्या अर्धा क्षण आधी संध्या बोलली.

"हळद आहे, आंटी! आमच्या महाराष्ट्रात मोठ्या बाईला मान द्यायचा असला की कपाळाला हळद लावतात. मीच लावायला सांगितली."

"इंडियात?"

"हो. देवीलासुद्धा लावतात."

युनिसबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ओगो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ओला झाला होता, "तू माझं तोंड स्वतःच्या हाताने शिवलंस?"

"हो," फेलिशियाबाई म्हणाल्या. "एकेक टाका घातला."

"बोटं दुखली असतील तुझी."

"नाही. बरं वाटलं."

"मला कधी वाटलं नव्हतं, तुझ्या मनात माझ्याविषयी एवढं आहे."

"खूप आहे, ओगो. अजून सगळं काढलंच नाही."

फोन बंद झाल्यावर फेलिशियाबाई संध्याकडे वळल्या. "तू माझ्या वैरिणीची देवी करून टाकलीस."

"मम्मा, खरं बोलला असतात तर ती उद्याच्या फ्लाइटने इथे असती. पोहे खा, गार होतायत."

हे पटण्यासारखं होतं, म्हणूनच ते गिळायला कठीण गेलं. पोहे मात्र चांगले होते.

फेलिशियाबाई परतल्या त्या पाच मोठ्या बॅगा घेऊन. पाचवीसाठी त्यांनी ओबिन्नाला शेवटच्या दिवशी बाजारात नेलं आणि हात वर करेपर्यंत सोडलं नाही. प्रेशर कुकर दोन. ओनिचाच्या गल्लीत त्यांनी पावडरचे डबे उघडले. आतली पावडर दगडासारखी झाली होती, ती बत्त्याने फोडून वाटली. बायकांनी गळ्याला फासली, थोडं नाचल्या, आणि मग एकीने फोन पुढे केला.

"फेलिशिया, हे तूच शिवलंस म्हणे? तुझ्या ओगोने चर्चच्या ग्रुपवर टाकलंय. सगळीकडे फिरतंय. 'माझ्या विहिणीने परदेशात जाऊन माझी पूजा केली' असं लिहिलंय. किती मोठं मन गं तुझं!"

फेलिशियाबाईंनी तो फोटो पाहिला. तीन डोळ्यांनी युनिसबाई त्यांच्याकडे बघत होत्या, कपाळ पिवळंधमक, चेहरा समाधानी.

"हा फोटो मला पाठव," त्या म्हणाल्या.

कापड छापणारा चुक्स बाजाराच्या मागच्या अंगाला बसतो. फेलिशियाबाईंनी त्याच्यासमोर आपला स्वतःचा एक फोटो ठेवला, मोठा रुमाल बांधलेला, हसरा.

"प्रसंग काय लिहायचा, मम्मा? वाढदिवस? मयत तर नाही ना?"

"लिही, 'सोमटोचं ओमुग्वो, फेलिशियाच्या हातचं'. आणि साल घाल, पोर जन्मली ते."

"ते तर मागेच होऊन गेलं."

"रंग पक्का आहे ना?"

"उकळला तरी जायचा नाही."

"मग सालही जायचं नाही. आणि माझ्या कपाळावर मोठा पिवळा ठिपका घाल. इंडियात मलाही मान आहे."

चुक्सने ठिपका घातला. "किती वार?"

"भरपूर. पहिला तागा ओवेरीला, माझ्या ओगोला. तिला हे शिवून चर्चला जावंच लागेल, रीत आहे."

चुक्स जरा घुटमळला. धंद्यातला माणूस, त्याला राहवलं नाही. "मम्मा, एक सांगू? लोक नेसतात आणि मग बसतात. तुमचं तोंड..."

"ठाऊक आहे. मीही बसलेय." फेलिशियाबाईंनी पिशवीतून फोन काढला. "म्हणून माझं तोंड फक्त वरच्या अंगाला छाप. बसायच्या भागाला हा फोटो."

चुक्सने पडद्यावरच्या तीन डोळ्यांकडे पाहिलं. "ही कोण?"

"राष्ट्राची माता," फेलिशियाबाई म्हणाल्या. "मोठी छाप. तिने स्वतःच सगळ्यांना दाखवलाय तो फोटो. तिला आवडतो."